कापसात न थांबलेला उजेड

वर्ध्याला जाऊन आलो म्हटलं की पुण्यात लोक पहिल्यांदा विचारतात, "सेवाग्राम पाहिलं?" नाही पाहिलं. "पवनार तरी?" तेही नाही. "मग चार दिवस केलंत काय?" या प्रश्नाला आत्तापर्यंत मी "जुन्या मित्राकडे गेलो होतो" असं अर्धं उत्तर देत आलो. अर्धी उत्तरं देण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण उरलेलं अर्धंही लिहीन असं या वेळी कबूल करून आलो आहे, म्हणून लिहितो. चारांपैकी दोन दिवस मी एक वाक्य बोलायचा प्रयत्न केला, तिसऱ्या दिवशी ते शाळेच्या माइकवरून निघालं आणि चौथ्या दिवशी परतलो.

वाक्य काय होतं ते कळायला सव्वीस वर्षं मागे जावं लागेल.

गजानन आणि मी तेव्हा पुण्यात एका प्रयोगशाळेत संशोधन करत होतो. तो आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचा, शेतकऱ्याचा मुलगा. मी पुण्याचा, कारकुनाचा. एका खोलीत राहायचो, एकाच डब्यात जेवायचो. आमचा विषय होता, पांढऱ्या वस्तूच्या पोटात शिरलेल्या प्रकाशाचं पुढे काय होतं. दूध, मीठ, खडू, कापूस यांच्यात पांढरा रंग म्हणून काही नसतो. कापसाचा एकेक तंतू जवळपास पारदर्शक असतो. पण असे असंख्य तंतू वाटेल तसे गुंतले की आत शिरलेला प्रकाश एकावर आपटतो, वळतो, दुसऱ्यावर आपटतो, मागे फिरतो, आणि बऱ्याच उशिरानं भलत्याच ठिकाणाहून बाहेर पडतो. हे झालं विसरण. पण गणित असंही सांगतं की गुंता पुरेसा वाईट असला तर प्रकाशाला बाहेरच पडता येत नाही. ज्या चौकातून निघाला त्याच चौकात तो परत येतो. फेरी उजवीकडून घाला नाहीतर डावीकडून, दोन्ही बाजूंच्या लाटा तिथं नेमका ताल जुळवून भेटतात आणि तिथंच घुटमळतात. प्रकाश चक्क थांबतो. याला म्हणतात स्थानबद्धता. असा थांबलेला प्रकाश शोधायला तेव्हा जगभरचे लोक पांढऱ्या भुकट्या घेऊन बसले होते.

गजाननने भुकटीऐवजी घरच्या शेतातला कापूस आणला. तो दाबून आम्ही बिस्किटाएवढी कडक चकती केली. एका बाजूनं जांभळ्या प्रकाशाची निमिषभराची ठिणगी मारायची आणि दुसऱ्या बाजूनं प्रकाश किती वेळ झिरपत राहतो ते मोजायचं. आलेख खाली उतरला, उतरला, आणि शेवटी उतरायचंच विसरला. लांबलचक शेपूट. इतका वेळ प्रकाश आत राहिला म्हणजे तो अडकला असणार! मी लिहिलं. माझं नाव पहिलं, गजाननचं दुसरं, सरांचं शेवटी. छापून आलं, पेढे वाटले.

चार महिन्यांनी एका दुपारी मी एकटा होतो. सहज म्हणून मोजणीच्या नळीपुढे एक काच धरली, फक्त आमचाच जांभळा रंग आत सोडणारी. शेपूट गायब. उशिरा येणारा तो प्रकाश आमचा नव्हताच. तो निळसर होता. कापसात असं काहीतरी होतं की ते जांभळा प्रकाश पिऊन जरा वेळानं निळा प्रकाश सोडत होतं. थांबलं बिंबलं काही नव्हतं. मी काच काढली आणि खिशात टाकली. ती अजून माझ्याकडे आहे.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं: चकती पाठवा, आम्हीही मोजून बघतो. आणि दोनच दिवसांत चकती उंदरांनी खाल्ली. ती ज्या कपाटात होती त्याच कपाटात गजाननच्या आईनं दिलेल्या जवसाच्या लाडवांचा डबा असायचा, त्यामुळे पुढचा तर्क सरांनीच केला. सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्याला लाडू आणि नमुना वेगळे ठेवता येत नाहीत त्यानं संशोधन करू नये." गजानन मान खाली घालून ऐकत होता. त्या महिन्यात तो गावी गेला आणि परत आला नाही. मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली.

उंदीर नव्हते. उंदीर मी होतो. हेच ते वाक्य.

या नोव्हेंबरात गजाननचा फोन आला. तो गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. शाळेत विज्ञान मेळावा आहे, प्रमुख पाहुणा तू, विषय आपला थांबलेला प्रकाश. "तेवढी उंदरायची गोष्ट नको सांगजो बे पोरायले," तो म्हणाला. "मले अजून लाज वाटते."

मी तिकीट काढलं.

गुरुवार : वर्धा आणि (काही कारण नसताना) समुद्रपूर

वर्ध्याच्या बस स्टँडवर पुलगावमार्गे आर्वीला जाणारी बस माझ्यासमोर उभी होती. पाटी वाचली, पिशवी उचलली, आणि तिच्या शेजारच्या समुद्रपूरच्या बसमध्ये जाऊन बसलो. घरी सांगताना "चुकून" असं सांगितलं होतं. चुकून नव्हे. रोहणा वायव्येला, समुद्रपूर बरोब्बर उलट.

"कुठं जायचं जी?" कंडक्टरनं विचारलं.

"ही कुठे जाते?"

"समुद्रपूर."

"मग समुद्रपूर."

त्यानं तिकीट दिलं, पण दोनदा वळून माझ्याकडे पाहिलं. शेजारी वांग्यांची गोणी पायाशी घेतलेली एक आजीबाई होती. ती नुसतं पाहून थांबणाऱ्यांतली नव्हती.

"कोणाकडे चालले, भाऊ?"

"कुणाकडे नाही."

"कोणाकडेच नाई? मंग काऊन चालले?"

पुण्यात शेजारच्यानं असं विचारलं तर आपण खिडकीबाहेर बघतो. इथं खिडकीबाहेर बघितल्याबरोबर आजीबाईंनी ते लक्षण धरलं. "बिमार हाय वाटते," त्या पुढच्या बाकावर म्हणाल्या. पुढच्या बाकानं त्याच्या पुढच्या बाकाला सांगितलं. कोणाकडेच न जाणारा माणूस बसमध्ये बसला आहे ही बातमी अशी बाकांवर आपटत, वळत ड्रायव्हरपर्यंत गेली आणि परत आली तेव्हा मी "पुण्याहून बायकोशी भांडून निघालेला प्रोफेसर" झालो होतो. प्रोफेसर कसा झालो ते मला आजही कळलेलं नाही, पण ते खरं होतं. बाकीचं विसरण.

समुद्रपूरच्या स्टँडवर तिघांनी मिळून मला चहा पाजला. पैसे देऊ दिले नाहीत. आजीबाईंनी निघताना चार वांगी माझ्या पिशवीत घातली. "घरी जा अन् तिले भरीत करून घाल. बाई माणूस भरतानं ऐकते," म्हणाल्या. तासाभरानं त्याच बसनं परत निघालो. कंडक्टर तोच.

"झालं काम?"

"झालं."

"काय व्हतं?"

यावर मी दुसऱ्यांदा खिडकीबाहेर बघितलं. बाहेर दोन्हीकडे वेचणीला आलेला कापूस होता, उन्हात डोळे दिपतील असा. सव्वीस वर्षांत मी कापसाचं शेत असं जवळून पाहिलं नव्हतं. पाहायचं टाळलं होतं म्हणणं जास्त खरं. दुपार कलल्यावर ज्या चौकातून निघालो त्याच चौकात उतरलो. स्थानबद्धतेचं याहून स्वच्छ प्रात्यक्षिक मला वर्गात कधी जमलेलं नाही.

मुक्काम सिंदी मेघेला एका लॉजमध्ये केला. गजाननला फोन करून गाडी लेट असल्याचं सांगितलं. वर्ध्याला येऊन पोचल्यावर गाडी लेट.

शुक्रवार : रोहणा

सकाळी लॉजसमोरच्या टपरीवर तर्रीपोहे खाल्ले. आपल्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं आणि लिंबाची फोड येते. इथं लालभडक हरभऱ्याचा रस्सा ओततात आणि तुमच्याकडे बघत उभे राहतात. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा टपरीवाला समाधानानं वळला. डोळे पुसतच आर्वीच्या बसमध्ये बसलो, त्यामुळे या वेळी पाटी नीट दिसलीच नाही आणि ते बरं झालं.

गजानन स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभा होता. केस पांढरे, हात मातीचे, हसणं तेच.

"आला काय बे सुध्या! किती बारीक झाला. वहिनी वाढत नाई काय?"

त्याच्या घरात पाऊल टाकलं आणि कपाळावर काहीतरी दणकन आदळलं. वर बघितलं तर स्टीलचा डबा. आढ्यापासून सुतळीनं टांगलेला. त्याच्या मागे दुसरा, त्याच्या मागे बरणी, मग गुळाची थैली, मग तेलाची किटली. स्वयंपाकघरात तर उभं राहायला वाकावं लागत होतं. भिंतीवर सुरेख फळ्या होत्या आणि सगळ्या रिकाम्या.

"भाऊजी, डोकं सांभाळा," मंदावहिनी म्हणाल्या. गजाननची बायको. "लग्न होऊन आले तवापासून पाहून राह्यली. गूळ टांगा, लोणचं टांगा, साखर टांगा. माहेरचे विचारतात, मंदे, तुह्या घरात पूर येते काय?"

"उंदरायचा भरोसा नाई," गजानन गंभीरपणे म्हणाला.

"अहो, मांजर हाय आपल्या घरी. दोन हायेत!"

मी कपाळ चोळत बसलो. टेंगूळ आलं होतं, ते माझ्या लायकीपेक्षा फारच लहान होतं.

जेवायला तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची भाजी, ज्वारीची भाकर आणि समुद्रपूरच्या वांग्यांचं भरीत होतं. ("हे कुठून आणले बे?" "वाटेत मिळाले.") गजाननची आई समोर पाटावर बसली होती. ऐंशीच्या पुढची, पण नजर अशी की मी भाकर कोणत्या बाजूनं मोडतो तेही तिनं टिपलं. मी तिला तेव्हाही काकू म्हणायचो.

"काकू, तुमच्या हातचे लाडू आठवतात," मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे. तोंड उघडलं की भलत्याच दिशेनं बाहेर पडतं.

"नाई करत मी आता," काकू म्हणाल्या. "त्या लाडवायनं माह्या लेकाची पीएचडी खाल्ली. त्या दिवसापासून जवस घरात आणला नाई."

घास घशात अडकला. तेवढं मात्र खरोखर अडकलं.

जेवण झाल्यावर गजानन मला अंगणात कडुलिंबाखाली घेऊन बसला. आता बोलायचं, मी ठरवलं. घसा साफ केला. तोच तो म्हणाला, "सुध्या, एक गोष्ट सव्वीस वर्षं पोटात हाये."

याला माहीत आहे. बरं झालं.

"ते लाडू मी कपाटात ठेवायले नाई पाहिजे होते," तो म्हणाला. "जगात कोणाजवळ नव्हती अशी चीज तुह्या हातात आलती. माह्या डब्यापायी गेली. शाळेत हेडमास्तर मांगं लागतात, प्रयोगशाळेची चावी घ्या. मी म्हणतो, मले कपाट नका देऊ सर, दुसरं काहीही द्या. मी आहेच हलगर्जी. तू माफ करजो, बापा."

इथं मी काय म्हणालो ते लिहायची मला लाज वाटते, पण लिहायचंच ठरलं आहे. मी म्हणालो, "जाऊ दे रे."

म्हणजे मी त्याला माफ केलं. आणि त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. तो उठून मला शेतातली वांगी दाखवायला घेऊन गेला, अगदी हलक्या पावलांनी.

शनिवार : मेळावा

शाळेचा मोठा वर्ग बारदानं लावून दिवसाढवळ्या अंधारा केला होता. दारावर मुलांनी रंगवलेली पाटी: "आपल्या गावच्या कापसात प्रकाश थांबला." सत्काराला शाल, श्रीफळ आणि कापसाच्या बोंडांचा हार. आमच्याकडे पाहुण्याला गुच्छ देतात आणि तो गाडीत विसरला जातो. बोंडांचा हार विसरता येत नाही, मानेला टोचतो.

टेबलावर काचेच्या पेटीत एक चकती होती. "त्याच कापसातला उरलेला," गजानन कानात म्हणाला. "मायनं जपून ठेवलता. मी घरीच दाबून केली. पोरायले दाखव."

माझ्या पिशवीत जांभळ्या उजेडाची छोटी टॉर्च होती. ती मी पुण्याहून आणली होती, गजाननला एकट्याला खरं दाखवायला. दोन दिवस ती पिशवीतच राहिली. आता एका हातात माइक, एका हातात टॉर्च आणि समोर अंधारात दोनशे डोळे.

मी बटण दाबलं. चकती निळीशार पेटली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी काही बोलणार तोच टॉर्च जरा खाली कलली आणि दुसऱ्या रांगेतल्या, दोन वेण्यांच्या मुलीनं आपल्या बाहीकडे पाहिलं.

"सर!" ती ओरडली. "माह्याबी शर्टात अडकला!"

खरंच तिची बाही निळी पेटली होती. मी टॉर्च फिरवली. रांगच्या रांग पेटली. शर्ट, मोजे, रिबिनी, मुख्याध्यापकांचा रुमाल, आणि त्यांच्या पातळ शर्टातून बनियनही. मुलं नाचायला लागली. "माह्यात थांबला! माह्यात जास्त थांबला!"

गजानन सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. मग तो हसायचा थांबला. चकतीकडे बघितलं, मुलीच्या बाहीकडे बघितलं, परत चकतीकडे. तो माणूस प्रयोगशाळा सोडून आला होता, भौतिकशास्त्र नव्हे.

"सुध्या," तो हळूच म्हणाला, "हे तं…"

"चकाकी हाय ना ते," पहिल्या रांगेतल्या खुर्चीतून काकू म्हणाल्या. "एवढं काय पाहून राह्यले?"

"कोणती चकाकी, माय?"

"धोतराले लावाची पावडर. तू म्हणला व्हता, कापसाले हात नको लावजो, जसा हाय तसा न्यायचा. पण त्यात पानाचा चुरा, काडीकचरा. पुण्याचे सायेब काय म्हणतीन, वर्ध्याचा कापूस असा मळका? म्या सोड्यात उकळला, दोनदा खंगाळला, तुह्या बाबाच्या धोतराची चकाकी लावली अन् माडीवर सुकवला. कसा पांढराशुभ्र निघालता!"

म्हणजे सव्वीस वर्षं जे रहस्य मी उशाशी घेऊन झोपलो ते असं होतं. गावाची अब्रू म्हणून एका आईनं विज्ञानाचा नमुना धुतला. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात कुणी नमुन्याला चकाकी लावली नसती.

मुलं गडबडली होती. कुणीतरी बारदान बाजूला केलं आणि ऊन आत आलं. मी माइक तोंडाजवळ धरला. म्हणालो, प्रकाश थांबला नव्हता. तुमच्या शर्टांच्या धुण्यातही असते तसल्या या पावडरीनं आमचा जांभळा प्रकाश पिऊन मागाहून निळा सोडला, त्याला आम्ही थांबणं समजलो. खरं तर साध्या कापसात प्रकाश थांबावा इतका गुंता नसतोच. या ताईनं आपल्या बाहीकडे बघून जे एका मिनिटात विचारलं ते आम्हाला चार महिने सुचलं नाही. आणि सुचल्यावर मी ते कुणाला सांगितलं नाही.

"म्हणजे तुले माहीत व्हतं?" गजानन म्हणाला.

"छापून आल्यावर कळलं."

त्यानं मान हलवली. आणि त्यानं काय म्हणावं? "मंग उंदरायनं खाल्ली ते बरंच झालं म्हणाव," तो कसंनुसं हसत म्हणाला. "तुही इज्जत राहिली."

त्या क्षणी गप्प राहणं किती सोपं होतं हे फक्त मला माहीत आहे. त्यानं दार अगदी उघडून धरलं होतं.

"उंदीर नव्हते," मी म्हणालो. माइक चालूच होता. बाहेरच्या भोंग्यातून ते मैदानावर गेलं आणि समोरच्या भिंतीवर आपटून परत आलं: नव्हते. "चकती मी तोडली. कुरतडल्यासारखी दिसावी म्हणून नेलकटरनं कातरली. डब्याचं झाकण उघडं ठेवलं. गजाननची काही चूक नव्हती."

बाहेर कुणीतरी हापसा मारत होतं, तो ऐकू आला. गजानन माझ्याकडे बघत नव्हता. काकू खुर्चीचा हात धरून अर्ध्या उठल्या.

"मंग लाडू कोणं खाल्ले?"

"मी, काकू."

"किती?"

"नऊ होते."

"नऊच्या नऊ?"

"दोन दिवसांत. डबा रिकामा दिसायला हवा होता."

काकूंनी थोडा विचार केला. "कसे झालते?"

सव्वीस वर्षं मी खोटं बोललो होतो, आता खरं बोलायला लागल्यावर मध्येच थांबायचं कारण नव्हतं. "चांगले होते. गूळ थोडा जास्त होता."

"त्या साली गूळच तसा व्हता," काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या.

गजानन उठून मागच्या दारानं निघून गेला. त्यानंतर एका शिक्षिकाबाईंनी आभारप्रदर्शनाचा आधीच लिहून आणलेला कागद शेवटपर्यंत वाचला: "सरांनी आपल्या आदर्श जीवनातून विद्यार्थ्यांना प्रामाणिक संशोधनाची प्रेरणा दिली." नारळ माझ्या मांडीवर होता. तो जड होता एवढंच आठवतं.

शनिवार, उतरतं ऊन : वांग्यांची शेती

गजानन मळ्यात वांगी तोडत होता. उद्या आर्वीच्या बाजारात माल जायचा होता. मला बघून त्यानं एक टोपली पायानं माझ्याकडे सरकवली. एक अख्खी ओळ आम्ही तोडली. वांग्याच्या देठाला काटे असतात ही माहिती मला पन्नाशीनंतर मिळाली.

ओळीच्या शेवटी तो म्हणाला, "नेलकटर?"

"हो."

"अबे, उंदराचे दात जोडीनं असतात. दोन रेघा सोबत पडतात. तुह्या त्या चकतीवर एक-एक रेघ व्हती. मले तवाच वाटलं, हे उंदराचं काम नोहे."

"मग बोलला का नाहीस?"

"अन् कोणाचं म्हणू?" तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "त्या खोलीची चावी दोघाजवळच. एक मी, एक तू. तुह्यावर शक घ्याचा? त्याच्यापेक्षा उंदीर बरा. मंग तेच खरं मानत आलो."

मी टोपली खाली ठेवली. त्यानं ती परत माझ्या हातात दिली.

"लाईट थांबला नाई त्याचं मले काहीच नाई. ते मायच्या धुण्यानं झालं, जग चुकते. पीएचडीचंबी नाई. इथं पोरं चांगले हायेत, वांगे चांगले हायेत, आजच्या पोरीनं कसं विचारलं पाह्यलं ना? पण मी मलेच हलगर्जी समजत आलो, सुध्या. माह्या लेकीचं नाव ठेवाचं व्हतं तरी मंदाले म्हटलं, तूच ठेव, माह्याकडून चुकन."

"मी काय करू ते सांग."

"लिही. जिथं छापलं तिथं लिही."

"लिहितो. चकाकीचं सगळं सविस्तर…"

"उंदीरबी."

"अरे, त्या शास्त्रज्ञांना उंदीर कशाला?"

"त्यायले नाई. मले पाहिजे." तो पुढच्या ओळीत शिरला. "अन् एकदा मराठीत लिहजो, सगळं, पहिल्यापासून. मायले वाचून दाखवाचं हाये."

आम्हा पुणेकरांना कुठलीही गोष्ट पूर्ण करून घ्यायची सवय. मी मागोमाग गेलो. "गजा, माफ केलंस ना?"

"वांगे तोड," गजानन म्हणाला.

रविवार : निघताना

सकाळी जाग आली ती भाजलेल्या जवसाच्या वासानं. काकू चुलीपुढे बसून लाडू वळत होत्या. गूळ मोजून घालत होत्या आणि मधूनच माझ्याकडे बघत होत्या. स्वयंपाकघरात गजाननने स्टूल धरलं होतं, मंदावहिनी वर चढून सुतळ्या सोडत होत्या. एकेक डबा खाली येत होता आणि फळीवर बसत होता. साखर, तूप, लोणचं, शेवया. दोन्ही मांजरं दारात बसून हा बदल नापसंतीनं बघत होती.

"सांभाळून," गजानन दर डब्याला म्हणे. शेवटची बरणी फळीवर ठेवल्यावर त्यानं तिच्याकडे बराच वेळ बघितलं, जणू ती आपणहून उतरून जाईल. मग हात मागे घेतला. सोमवारी शाळेच्या प्रयोगशाळेची चावी घेणार आहे, असं तो मला नाही, मांजराला म्हणाला.

काकूंनी गरम लाडवांचा डबा भरला. मी हात पुढे केला. गजाननने तो मधल्यामध्ये घेतला, स्टुलावर चढला आणि मधल्या आकड्याला टांगला. सगळ्या घरात तेवढा एकच डबा वर राहिला.

"हा तुहा," तो म्हणाला. "छापून आलं की उतरवतो. तवरक वर."

"अरे, छापायला महिने लागतात. खराब होतील."

"दर महिन्याले नवे करीन," काकू म्हणाल्या. "मले काय काम हाय?"

"अन् मागच्या महिन्याचे?"

"ते आम्ही पाहून घेऊ," मंदावहिनी म्हणाल्या.

निघताना सवयीनं मी दारापाशी वाकलो. वर काहीच नव्हतं.

संपादकांना पत्र गेलं आहे. पोच आली आहे: आपला मजकूर तपासनीसांकडे पाठवला आहे, कृपया प्रतीक्षा करावी. एका तपासनीसानं उंदरांचा परिच्छेद अनावश्यक असल्याचं कळवलं. तो काढणार नाही असं मी उलट कळवलं, त्यामुळे आणखी वेळ लागेल. दर महिन्याला मंदावहिनींचा फोन येतो. परवाही आला.

"भाऊजी, या टायमाचे लाडू सगळ्यात मस्त झाले. गूळ एकदम बरोबर. तुमच्या संपादकाले सांगा, काही घाई नाई."

मागून गजाननचा आवाज आला, "अन् ते मराठीतलं झालं काय, विचार त्याले. उंदीर लिहिले काय?"

लिहिले. वर लिहिले आहेत, नेलकटरसकट. काकूंना वाचून दाखवावं.